वर्गणीदार होणं हा गुन्हा

म्यानमारमधल्या एखाद्या माणसाला वाटलं, की आपण रोज ज्यांच्या बातम्या वाचतो त्यांना महिन्याला चार पैसे पाठवावेत, तर त्यानं करायचं काय? ‘इरावडी’, ‘मिझिमा’, ‘डीव्हीबी’, ‘म्यानमार नाऊ’ ही नावं उच्चारून बँकेत पैसे भरायची सोय नाही. केबीझेडपे, वेव्हपे अशी मोबाइलवरची पाकिटं आहेत, पण त्यांच्यावर लष्कराची नजर असते. संशय आला की खातं गोठतं आणि प्रकरण वाढलंच तर दहशतवाद्यांना पैसा पुरवल्याचं कलम लागू शकतं. फेसबुक बंद आहे. लष्करानं १ फेब्रुवारी २०२१ला सत्ता बळकावली आणि चौथ्या दिवशी ते बंद केलं. उघडायला व्हीपीएन लागतं आणि व्हीपीएनवरही बंदी. रस्त्यावरच्या नाक्यांवर शिपाई फोन मागतात, उघडायला लावतात, त्यात काय काय आहे ते पाहतात. म्हणून घराबाहेर पडताना बरेच लोक दुसरा, रिकामा फोन खिशात टाकतात.

तरीही वाचक आहेत, लाखांनी आहेत. रात्री दार लावून घेऊन पाहणारे, पाहून झालं की पुसून टाकणारे.

वाचकांनी पैसे दिले तरच पत्रकारिता टिकेल, हे वाक्य आपल्याकडच्या परिसंवादांत हमखास ऐकू येतं. आपल्याकडे ते बरंचसं खरंही आहे. पण जिथे पैसे देणारा वाचक आरोपी ठरतो आणि जाहिरात देणाऱ्या दुकानाला कुलूप लागू शकतं, तिथे हा उपदेश म्हणजे हातपाय बांधलेल्याला पोहायला सांगण्यासारखं आहे.

मग ही माध्यमं चालली कशावर? परक्या देशांच्या पैशावर. नॉर्वे, स्वीडन, युरोपीय संघ, काही खासगी प्रतिष्ठानं आणि अर्थातच अमेरिका. यात चोरीछुपे काही नव्हतं. ज्या वाचकाला वर्गणी भरू दिली जात नाही, त्याची वर्गणी ओस्लोतला किंवा ओहायोतला करदाता भरत होता, इतकाच त्याचा अर्थ.

२० जानेवारी २०२५ला डोनाल्ड ट्रम्प यांनी दुसऱ्यांदा शपथ घेतली आणि त्याच दिवशी विदेशी विकासमदत नव्वद दिवस रोखून धरणाऱ्या आदेशावर सही केली. चार दिवसांनी परराष्ट्र खात्याचा संदेश जगभर गेला, की नवी कामं तर नाहीतच, चालू कामंही थांबवा. आणीबाणीचं अन्नसाहाय्य आणि इस्रायल-इजिप्तची लष्करी मदत असे थोडेच अपवाद होते. नव्वद दिवसांची मुदत नावापुरतीच निघाली. फेब्रुवारी उजाडताच इलॉन मस्क यांनी यूएसएड ही संस्था लाकडाचा भुगा करणाऱ्या यंत्रात घातल्याची फुशारकी मारली. १० मार्चला परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी ८३ टक्के कार्यक्रम, म्हणजे सुमारे ५,२०० कंत्राटं रद्द केल्याचं जाहीर केलं. १ जुलैला १९६१ सालची, केनेडींच्या काळातली ही संस्था संपली.

तेव्हा जगभर चर्चा झाली ती दवाखान्यांची, लसींची, धान्याची. ती योग्यच होती. थायलंडच्या सीमेवरच्या निर्वासित छावण्यांतले दवाखाने काही दिवसांतच बंद झाले. प्राणवायूवर असलेल्या एका एकाहत्तर वर्षांच्या बाईंना घरी पाठवण्यात आलं आणि त्या वारल्या, ही रॉयटर्सची बातमी होती. त्यापुढे बातमीदारांच्या मानधनाचं रडगाणं कोण ऐकणार? पण त्या बाई वारल्या हे जगाला कळलं, कारण ते कळवणारं कुणीतरी तिथे होतं.

खर्चाच्या हिशेबात माध्यमं ही कोपऱ्यातली नोंद होती. ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संघटनेनं यूएसएडच्याच कागदपत्रांवरून दिलेले आकडे असे : २०२३मध्ये ६,२०० पत्रकारांना प्रशिक्षण किंवा मदत, ७०७ बिगरसरकारी माध्यमांना हातभार आणि माध्यमक्षेत्रातल्या २७९ संस्थांना पाठबळ. २०२५साठी अमेरिकी काँग्रेसनं स्वतंत्र माध्यमं आणि माहितीच्या मुक्त वहनासाठी २६.८ कोटी डॉलर ठेवले होते. रुपयांत सुमारे तेवीसशे कोटी, तेही साऱ्या जगासाठी. एकूण विकासमदतीत माध्यमांचा वाटा अर्ध्या टक्क्यालाही पोचत नाही.

अमेरिकी पैसा मुख्यतः तीन वाटांनी यायचा. पहिली वाट यूएसएडची. दुसरी नॅशनल एन्डाउमेंट फॉर डेमोक्रसी, म्हणजे एनईडी या १९८३ साली स्थापन झालेल्या संस्थेची. ती सरकारी नाही, पण तिचा पैसा काँग्रेस मंजूर करते. तिसरी वाट रेडिओची : व्हॉइस ऑफ अमेरिका, रेडिओ फ्री युरोप, रेडिओ फ्री एशिया. एनईडीचे मंजूर झालेले पैसे सरकारी तिजोरीतून सुटेनात, तेव्हा तिला मार्चच्या सुरुवातीला स्वतःच्याच सरकारविरुद्ध कोर्टात जावं लागलं. १४ मार्चच्या आदेशानं रेडिओंचा आधार काढला आणि दुसऱ्या दिवशी व्हॉइस ऑफ अमेरिकाचे जवळपास तेराशे कर्मचारी सक्तीच्या रजेवर गेले. १९४२पासून बोलणारा आवाज थांबला. म्हणजे आठ आठवड्यांच्या आत तिन्ही वाटा बुजल्या. एक अडली तर दुसरीनं निभावून नेऊ, असा ज्यांचा हिशेब होता त्यांचा तोही आधार गेला.

कंबोडियाचे हुन सेन यांनी ट्रम्प यांचं जाहीर कौतुक केलं. चीनच्या ‘ग्लोबल टाइम्स’नं व्हॉइस ऑफ अमेरिकाला टाकून दिलेल्या घाणेरड्या फडक्याची उपमा दिली. आनंद कुणाला झाला हे पाहिलं की पुष्कळ काही कळतं.

* * *

मराठी माणसाला म्यानमारचं एक गाव पक्कं ठाऊक असतं : मंडाले. १९०८मध्ये ‘केसरी’तल्या लेखांबद्दल टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली ती १२४-अ आणि १५३-अ या कलमांखाली. गीतारहस्य तिथे लिहून झालं म्हणून आपल्या मनात त्या तुरुंगाला तपोभूमीचं वलय आहे. प्रत्यक्षात एका संपादकाला वाचकांपासून समुद्रापार नेऊन ठेवण्याची ती जागा होती.

ब्रह्मदेश १९३७पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानाचा भाग होता. त्यामुळे आपली १८६०ची दंडसंहिता तिथेही गेली आणि अजून तिथेच आहे. आपण १ जुलै २०२४पासून ती बदलून न्यायसंहिता आणली (राजद्रोहाचा जीव १५२व्या कलमात जाऊन बसलाय असं अनेक कायदेतज्ज्ञ म्हणतात, पण तो विषय वेगळा). म्यानमारमध्ये मात्र टिळकांचं कलम त्याच क्रमांकानं नांदतंय. २०२३च्या जूनमध्ये ‘इरावडी’च्या नोंदणीकृत प्रकाशकाला पाच वर्षांचा तुरुंगवास झाला तो १२४-अखालीच. याशिवाय २०२१मध्ये सत्ता घेतल्यावर पंधरवड्याच्या आत लष्करानं ५०५-अ हे नवं कलम घातलं. भीती पसरवणं किंवा खोटी बातमी देणं यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद. खोटी कोणती, ते लष्कर ठरवणार. १ डिसेंबर २०२४ रोजी जगात तुरुंगात असलेल्या पत्रकारांची जी मोजणी कमिटी टु प्रोटेक्ट जर्नलिस्ट्सनं केली, तीत म्यानमार तिसऱ्या क्रमांकावर होता, ३५ जणांसह. पुढे फक्त चीन आणि इस्रायल.

या देशातली आजची स्वतंत्र पत्रकारिता जन्मापासूनच परागंदा आहे. १९९१मध्ये आंग सान सू ची यांना नोबेल मिळालं आणि पुढच्या वर्षी ओस्लोमधून डेमोक्रॅटिक व्हॉइस ऑफ बर्मा, म्हणजे डीव्हीबी, लघुलहरींवर बोलू लागली. १९९३मध्ये थायलंडमध्ये ‘इरावडी’ निघालं. १९९८मध्ये दिल्लीत ‘मिझिमा’. २००७मध्ये भिक्षू रस्त्यावर उतरले तेव्हा डीव्हीबीच्या मुलांनी लपवलेल्या छोट्या कॅमेऱ्यांनी ते टिपलं आणि साऱ्या जगाच्या टीव्हीवर तीच चित्रं दिसली. मग २०१२मध्ये छपाईपूर्वीची सेन्सॉरशिप उठली, दुसऱ्या वर्षी खासगी दैनिकांना परवानगी मिळाली आणि ही मंडळी यांगूनला परतली. कार्यालयं थाटली, जाहिराती घेऊ लागली. अनुदानावरून बाजारावर येण्याचा जो मार्ग देणगीदार नेहमी सांगतात, त्या मार्गावर ती खरोखरच चालू लागली होती. सू ची यांच्या सरकारचा काळही निर्मळ नव्हता. रोहिंग्यांच्या हत्याकांडाचा शोध घेणारे रॉयटर्सचे दोन पत्रकार पाचशेहून अधिक दिवस आत होते, तेही १९२३च्या सरकारी गुपितांच्या कायद्याखाली. तरी छापखाने चालू होते. ८ मार्च २०२१ला लष्करानं पाच माध्यमांचे परवाने एका फटक्यात रद्द केले, आणि पुन्हा सीमेपलीकडे.

* * *

एक बातमी कशी तयार होते आणि तिला पैसा कुठे कुठे लागतो, ते जवळून पाहण्यासारखं आहे.

११ एप्रिल २०२३. सगाईंग प्रांतातलं पाझीजी गाव. लष्करविरोधी सरकारच्या स्थानिक कचेरीच्या उद्घाटनाला माणसं जमली होती. त्यांच्यावर विमानातून बॉम्ब पडला. दीडशेहून अधिक लोक गेले, त्यात लहान मुलं होती. अशा भागात इंटरनेट बहुधा तोडलेलंच असतं. ज्याच्या फोनमध्ये चित्रण असतं, त्याला ते घेऊन दुचाकीवरून सिग्नल असलेल्या ठिकाणापर्यंत किंवा कुठे लपवलेल्या स्टारलिंकच्या थाळीपर्यंत जावं लागतं. वाटेत नाका लागला आणि फोन उघडला, तर पुढचं सांगायला नको. चित्रण सीमेपलीकडे, थायलंडमधल्या मे सोत किंवा चिआंग माईच्या एखाद्या भाड्याच्या खोलीत पोचतं. तिथला संपादक लगेच छापत नाही. दुसऱ्या साक्षीदाराला गाठतो, जवळच्या मठात फोन लावून पाहतो, उपग्रहचित्राशी झाडं, छपरं, रस्ता ताडून बघतो, मृतांची नावं घेतो, बातमीदाराचं नाव पुसतो. मग बातमी.

या साखळीत पगार आहे, खोलीचं भाडं आहे, फोन आहे, संगणक सुरक्षित ठेवणारा तंत्रज्ञ आहे, पकडल्या गेलेल्याच्या वकिलाची फी आहे, पळून येणाऱ्याला दोन महिने लपवायची जागा आहे. आणि सगळ्यात टोकाला आहे तो स्ट्रिंगर. त्याला नगावर मानधन. ते हुंडीनं जातं, कारण बँकेतून गेलं तर तो पुरावा होतो.

निधी आटला की कपात कुठून सुरू होते? अशा कुठल्याही कार्यालयात ती टोकापासून सुरू होते. संपादक मे सोतला राहतो, अर्ध्या पगारावर काही महिने ओढतो. स्ट्रिंगरच्या बातम्या घेणंच कमी होतं. त्याला कुणी काढून टाकत नाही, कारण त्याला कधी नेमलेलंच नव्हतं. कागदोपत्री तो नाहीच. २०२५च्या फेब्रुवारीपासून म्यानमारच्या परागंदा माध्यमांत पगारकपात आणि नोकरकपात झाली, तिच्या आकड्यांत ही माणसं कुठेच दिसत नाहीत. वांशिक भाषांतल्या छोट्या माध्यमांची कथा तर आणखी वेगळी. काचिन, शान, चिन, मोन, करेन, राखाइन, रोहिंग्या या समाजांची बातमीपत्रं बर्मा न्यूज इंटरनॅशनल या २००३मधल्या जाळ्यात एकत्र आली. त्यांपैकी काही चार-सहा माणसांवर चालतात. चिन लोकांचं ‘खोनुमथुंग’ आपल्या मिझोरामच्या ऐजॉलमध्ये सुरू झालं, राखाइनांचं ‘नारिंजरा’ बांगलादेशात. मोठ्या संस्थेच्या दहा देणगीदारांतले तीन गेले तर ती लंगडत चालते. यांचा बहुधा एकच असतो.

२८ मार्च २०२५ला मंडाले आणि सगाईंगला ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. तीन हजारांहून अधिक बळी. जुने पॅगोडा, मठ, इमारती कोसळल्या. लष्करी सरकारच्या प्रवक्त्यानं परदेशी पत्रकारांना येऊ देणार नसल्याचं सांगितलं. कारण काय? तर राहायला जागा नाही, वीज नाही, पाणी नाही. व्हॉइस ऑफ अमेरिका तेव्हा दोन आठवड्यांपासून मुका होता आणि रेडिओ फ्री एशियाचे बहुतेक लोक बिनपगारी रजेवर होते. वीज आणि मोबाइलचे मनोरे पडलेल्या भागात बॅटरीवर चालणारा साधा लघुलहरी रेडिओ ज्या दिवसांत सगळ्यात जास्त हवा होता, नेमके तेच दिवस. लष्कराची विमानं भूकंपानंतरही बॉम्ब टाकत राहिली, ही गोष्ट बाहेर आली ती उरल्यासुरल्या स्ट्रिंगरांमुळे. मे महिन्यात रेडिओ फ्री एशियानं बर्मी, तिबेटी, लाओ आणि उइगुर या विभागांना टाळं लावत असल्याचं जाहीर केलं. उइगुर भाषेत स्वतंत्रपणे बातम्या देणारी जगातली ती एकमेव सेवा होती. तिबेटी सेवेचे श्रोते आपल्या धरमशालेतही होते.

* * *

इथे एखादा वाचक म्हणेल, ‘अहो, पण हा अमेरिकेचा पैसा. अमेरिका काय लोकशाहीच्या प्रेमापोटी देत होती?’ हा प्रश्न टाळून पुढे जाणं लबाडीचं होईल.

हा संशय आपल्याकडे हवेतून आलेला नाही. १९५५मध्ये मुंबईतून ‘क्वेस्ट’ नावाचं इंग्रजी नियतकालिक निघालं. पहिले संपादक निसीम इझिकेल, पुढे अ. भि. शहा. अतिशय चांगलं नियतकालिक. ते काढणारी समिती ज्या काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम या आंतरराष्ट्रीय संस्थेशी जोडलेली होती, तिला सीआयएचा पैसा येतो हे १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात उघड झालं. रेडिओ फ्री युरोपचंही तेच. ‘क्वेस्ट’मध्ये लिहिणाऱ्यांना ठाऊक नव्हतं, त्यातल्या मजकुरात कुणी ढवळाढवळ केली नव्हती, तरी डाग लागायचा तो लागलाच. एनईडी स्थापन झाली तीच मुळी या धड्यातून : गुपचूप करत होतो ते उघडपणे, हिशेब छापून करू. आणि इराण, चिली, ग्वाटेमाला इथली निवडून आलेली सरकारं पाडण्यात ज्या देशाचा हात होता, त्यानं लोकशाहीचं अनुदान वाटावं हे विचित्र आहेच.

‘परकीय हात’ हे आपल्या राजकारणातलं जुनं चलनी नाणं. विदेशी देणग्यांवरचा पहिला कायदा १९७६चा, ऐन आणीबाणीतला. सध्याच्या कायद्यानुसारही वृत्तपत्राचा वार्ताहर, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार, संपादक, मालक, मुद्रक, प्रकाशक यांपैकी कुणीही परदेशी देणगी घेऊ शकत नाही. २०२५च्या फेब्रुवारीत मस्क यांच्या खात्यानं रद्द केलेल्या खर्चांची यादी प्रसिद्ध केली. त्यात ‘भारतातल्या मतदानवाढीसाठी २.१ कोटी डॉलर’ असं एक कलम होतं. आठवडाभर आपल्या वाहिन्यांनी त्यावर रान उठवलं. कुणाला मिळाले, कुणी खाल्ले, कुणाचं सरकार पाडायचं होतं. ‘इंडियन एक्स्प्रेस’नं कागद तपासून दाखवलं, की ते पैसे बांगलादेशासाठीचे होते. पुढे ऑगस्टमध्ये परराष्ट्र मंत्रालयानं राज्यसभेत अमेरिकी दूतावासाचं म्हणणं मांडलं : असा निधी भारतासाठी आला नाही आणि दिला गेला नाही. ही दुसरी बातमी किती वाहिन्यांनी चालवली?

उलट परदेशी सरकारचा पैसा मराठीत उजळमाथ्यानं आलेला आहे आणि आपण त्याचे रोजचे ग्राहक आहोत. बीबीसी मराठी २०१७च्या ऑक्टोबरात सुरू झाली ती ब्रिटिश सरकारनं वर्ल्ड सर्व्हिसच्या विस्तारासाठी दिलेल्या वाढीव निधीतून. त्यामुळे ती ब्रिटनची दलाल ठरते का? मजकूर पाहून ठरवावं, पावती पाहून नव्हे.

आणि पैसे देणारा वाचक नाही म्हणून कुणा दात्याकडे जावं लागणं, हेही मराठी पत्रकारितेला परकं नाही. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२०ला निघालं त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. पैसे देऊनही ‘केसरी’नं त्याची जाहिरात छापली नव्हती. ज्या वाचकासाठी ते पत्र होतं त्याच्या खिशात वर्गणी नव्हती, ज्याच्या खिशात होती त्याला ते नको होतं. १९२३पर्यंत ते बंद पडलं. ‘बहिष्कृत भारत’ही पैशाअभावीच थांबलं. दात्यावरचं अवलंबन वाईट, हे खरंच आहे. पण दाता नसता तर पहिला अंकसुद्धा निघाला नसता, हेही तितकंच खरं.

म्हणून माझा राग अमेरिकेनं पैसे का दिले यावर नाही. त्यांना थांबायचा हक्क होता. राग आहे तो पैसा ज्या रीतीनं बांधला होता त्यावर. बारा महिन्यांचं अनुदान, तिमाही अहवाल, ‘इंडिकेटर’, ‘आउटपुट’, किती प्रशिक्षणं, त्यात किती स्त्रिया, किती क्लिक. गोळीबाराच्या बातम्या आणणाऱ्या संपादकाचा निम्मा आठवडा तक्ते भरण्यात जायचा. अनुदान प्रकल्पाला, संस्थेला नाही, त्यामुळे गंगाजळी साठवायची मुभा नाही. वर्षअखेरीस उरलेला पैसा परत. वीस-वीस वर्षं मदत घेतलेल्या संस्थांकडे तीन महिने पुरेल एवढीही शिल्लक नव्हती, याचा दोष त्यांच्या उधळेपणाला देता येत नाही. नियमच तसे होते. शिवाय मधल्या कंत्राटी संस्थांच्या वॉशिंग्टनमधल्या इमारती, सल्लागार आणि विमानप्रवास भागवून उरलेला पैसा सीमेवर पोचायचा. ट्रम्प यांच्या टीकाकारांनी ही बाजू क्वचितच मोकळेपणानं मांडली. मदत बंद करणाऱ्यांनी तिचा उपयोग केला तो सुधारायला नव्हे, मोडायला.

* * *

बदली पैसा कुठून येणार? ब्रिटननं संरक्षणखर्च वाढवण्यासाठी २०२७पर्यंत विदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून ०.३ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स यांनीही हात आखडता घेतला. युरोपीय संघानं २०२५च्या मेमध्ये रेडिओ फ्री युरोपसाठी ५५ लाख युरो दिले. त्या संस्थेचा वर्षाचा खर्च चौदा कोटी डॉलरच्या घरात. युक्रेनमध्ये दहापैकी नऊ माध्यमं अनुदानावर होती आणि त्यांत मोठा वाटा अमेरिकेचा होता. तिथे निदान वाचकाला उघडपणे हाक मारता येते, आणि त्यांनी ती मारली.

राहिला यूट्यूब. म्यानमारच्या माध्यमांना तिथून थोडी कमाई होते, विशेषतः परदेशी गेलेल्या बर्मी प्रेक्षकांमुळे. पण यूट्यूबचे जाहिरातीचे नियम हिंसक दृश्यांना जाहिराती देत नाहीत. म्हणजे बॉम्ब पडलेल्या गावाच्या चित्रणाला पैसे नाहीत, नटीच्या लग्नाला आहेत. संपादकानं मनावर कितीही दगड ठेवला तरी महिन्याचं भाडं हळूहळू बातमीची निवड बदलतं.

लोकशाहीला मदत म्हणजे नेमकं काय, हे निवडणुकीच्या वेळी कळतं. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये सू ची यांचा पक्ष प्रचंड बहुमतानं जिंकला. लष्करानं एक कोटीहून अधिक मतांत घोळ असल्याचा दावा केला आणि त्याच्या आधारे सत्ता घेतली. हा दावा जगात कुणी गांभीर्यानं घेतला नाही, कारण कार्टर सेंटर, बँकॉकचं आन्फ्रेल आणि देशांतर्गत निरीक्षकांनी मतदान केंद्रांवर बसून नोंदी केल्या होत्या आणि निकाल मतदारांच्या इच्छेचाच आहे असं सांगितलं होतं. कंटाळवाणं, वहीपेनाचं काम. परदेशी अनुदानावर चालणारं. त्या वह्या नसत्या तर लष्कराच्या शब्दाविरुद्ध हरलेल्यांचा शब्द, एवढंच उरलं असतं.

२८ डिसेंबर २०२५पासून लष्करानं स्वतःची निवडणूक टप्प्याटप्प्यानं घेतली. सू ची यांचा पक्ष आधीच विसर्जित. जुलैत आलेल्या कायद्यानुसार निवडणुकीत अडथळा आणल्यास किमान तीन वर्षांची कैद, पुढे मृत्युदंडापर्यंत, आणि निवडणुकीवरची टीकाही त्यात धरली जाऊ शकत होती. लष्कराच्या पाठिंब्यावरचा पक्ष मोठ्या फरकानं जिंकला. मतदानाच्या महिनाभर आधी, नोव्हेंबरमध्ये, अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्यानं म्यानमारच्या नागरिकांना दिलेलं तात्पुरतं संरक्षण संपवण्याची घोषणा केली होती. तिथली परिस्थिती सुधारते आहे, निवडणुका होऊ घातल्या आहेत, असं कारण त्यात होतं. परिस्थिती सुधारल्याचं वॉशिंग्टनला कोणत्या बर्मी बातमीदारानं सांगितलं होतं?

* * *

‘मिझिमा’ दिल्लीत निघालं ते कसं, हे सांगायलाच हवं. त्याच्या संस्थापकांपैकी सो मिंट यांनी नोव्हेंबर १९९०मध्ये, विद्यार्थी असताना, एका साथीदारासह बँकॉकहून यांगूनला जाणारं थाई एअरवेजचं विमान पळवून कोलकात्याला उतरवलं. त्यांच्याकडचा बॉम्ब खोटा होता, हेतू आपल्या देशाकडे लक्ष वेधण्याचा. प्रवाशांपैकी कुणाला इजा झाली नाही. भारतातल्या न्यायालयात खटला रेंगाळला आणि २००३मध्ये ते निर्दोष सुटले. मधल्या काळात ते दिल्लीत राहून बातम्या लिहीत होते. त्या काळी दिल्लीत बर्मी विद्यार्थ्यांचा अड्डा होता ३, कृष्ण मेनन मार्ग, म्हणजे जॉर्ज फर्नांडिस यांचा सरकारी बंगला. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचा आणि पालिका कामगारांचा हा पुढारी संरक्षणमंत्री झाल्यावरही त्या बंगल्यातून बर्मी आणि तिबेटी मुलांना कुणी हुसकावलं नाही.

ती दिल्ली आता तशी राहिलेली नाही. ३१ ऑगस्ट २०२५ला तियानजिनमध्ये पंतप्रधान मोदी आणि म्यानमारचे तेव्हाचे लष्करप्रमुख मिन आंग लाइंग यांची भेट झाली. सीमेवरचे बंडखोर, चीनचा वाढता वावर, कलादान मार्गाचा रखडलेला प्रकल्प, भारताची कारणं सगळी खरी आहेत आणि शेजाऱ्याशी बोलावंच लागतं. मिझोराममध्ये तीस हजारांहून जास्त चिन लोक आश्रयाला आहेत. मिझो समाजानं त्यांना आपले म्हणून सांभाळलं, केंद्रानं मात्र त्यांना निर्वासित म्हणायचंही टाळलं, कारण आपण १९५१च्या निर्वासित करारात नाही.

अमेरिकेची जागा भारतानं घ्यावी, असं कुणी म्हणणार नाही. परदेशी माध्यमांना अनुदान देणारं दिल्लीतलं खातं ही कल्पनाच मला धास्तावते. पण ऐजॉलमध्ये भाड्याच्या खोलीत बसून चिन भाषेत बातम्या देणाऱ्याला डॉलरइतकीच निकड आहे ती दोन कागदांची : राहण्याचा परवाना आणि स्वतःच्या नावावर बँकेचं खातं. खातं असलं तर लंडनमधला किंवा इंडियानातला चिन माणूस त्याला उघडपणे वर्गणी पाठवू शकतो. हे दोन्ही कागद द्यायला भारत सरकारला अर्थसंकल्पात तरतूद करावी लागत नाही.